पहिली कॅरिबियन क्रूझ : बंदरं निवडताना फोटो शेवटी बघा

दिवाळी आटोपली की मला एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. "सर, लेकीनं क्रूझचे चार पर्याय पाठवले. चारहीत पाणी निळंशार दिसते. कोणता घेऊ?" विचारणारे पांढरकवडा, वणी, हिंगणघाट पट्ट्यातले. कुणी कास्तकार, कुणी माझ्यासारखे निवृत्त मास्तर. लेक-जावई ह्यूस्टनला नाहीतर न्यू जर्सीला, आणि आईबाप पहिल्यांदाच समुद्रावर जाणारे.

बहुतेकांची चूक एकच असते. ते फोटो बघून बंदरं निवडतात आणि मग त्या बंदरांत माणसं, कागद, तारखा बसवायला जातात. आम्हीही पहिल्या वेळी तेच केलं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझला जहाज खोल पाण्यात उभं राहिलं आणि किनाऱ्यावर न्यायला छोट्या बोटी आल्या. लाटेवर वरखाली होणाऱ्या त्या बोटीत पाय टाकायला माझ्या पत्नीचे गुडघे तयार होईनात. ती मागे फिरली, मीही फिरलो. तो अख्खा दिवस आम्ही डेकवर बसून काढला, आणि नातू संध्याकाळी येऊन काय काय पाहिलं ते सांगत होता. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, हे बुकिंगच्या आधी दोन मिनिटांत कळलं असतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधीचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

टप्पा १ : सोबत कोण आहे ते कागदावर मांडा

वहीच्या एका पानावर प्रत्येकाचं नाव लिहा. नावापुढे चार गोष्टी लिहा: न थांबता किती चालवतं, जिने चढवतात का, कोणती औषधं चालू आहेत, आणि खाण्यात काय वर्ज्य आहे. पोहता येतं की नाही तेही लिहा. वर्धा-पैनगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला नदीचा अंदाज असतो. समुद्राची ओढ वेगळी असते, तिथे तो अंदाज चालत नाही.

दोन आजारांबद्दल वेगळं सांगतो. साखरेचा त्रास असलेल्यांनी वाळूवर अनवाणी चालायचं नाही. तापलेल्या वाळूचा चटका किंवा प्रवाळाच्या खड्याची जखम बधिर पायाला कळत नाही, आणि ती लवकर भरतही नाही. दुसरा सिकलसेल. आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, तो अनेक घरांत आहे. अंगातलं पाणी कमी झालं किंवा अंग एकदम गार पाण्यात गेलं तर अशा रुग्णाच्या वेदना उसळू शकतात. घरात कुणी असेल तर स्नॉर्केलिंगची (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघत पोहण्याची) बंदरं निवडण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पुढचे सगळे निर्णय या पानावरच्या सर्वांत अशक्त माणसाकडे बघून घ्यायचे आहेत. तरुणांना कुठलंही बंदर चालतं.

टप्पा २ : कोणत्या बेटावर उतरता येईल हे कागद ठरवतात

अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असायला हवा. जहाज अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत आलं तरी परतीच्या दिवशी तुमचा तो नवा प्रवेश धरला जातो. व्हिसावर प्रवेशांच्या जागी 'एम' हे अक्षर आहे का बघा. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान ६ महिने उरलेली हवी.

इथे एक ऐकीव गोष्ट फार घोळ घालते. "क्रूझला पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला चालतो," असं मुलांच्या अमेरिकी मित्रांकडून ऐकायला मिळतं. ती सवलत अमेरिकी नागरिकांना, तीही त्याच बंदरात परत येणाऱ्या फेरीसाठी आहे. तिथे जन्मलेल्या नातवाला ती लागू पडेल. आजी-आजोबांना पडणार नाही.

मुलाचे कागदही त्याच्यासमोर बसून तपासा. तो एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असेल आणि पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत संपली असेल, तर "मुदतवाढीचा कागद आहे ना" म्हणून सोडू नका. संपलेल्या व्हिसावर परत येऊ देणारा नियम एच-१बीवाल्यांसाठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोतल्या ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामापुरता आहे. जहाज बहामा किंवा जमैकाला टेकलं की तो उपयोगी पडत नाही. एका कुटुंबाला हे बुकिंगनंतर कळलं आणि आईवडील मुलाशिवाय जहाजावर गेले.

आता बेटं. प्वेर्तो रिकोचं सान हुआन आणि सेंट थॉमस हा अमेरिकेचाच प्रदेश आहे, तिथे वेगळा व्हिसा नाही. मेक्सिकोत अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयाला वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी प्रत्येक देशाचा नियम स्वतंत्र आहे आणि तो बदलतो. मार्टिनिक, ग्वादलूप या फ्रेंच बेटांना तर साधा शेंगेन (युरोपचा) व्हिसाही आपोआप चालत नाही. म्हणून क्रूझ कंपनीला ईमेल करा: "भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा बी-२ (पर्यटक) व्हिसा, या फेरीतल्या प्रत्येक बंदरासाठी काय लागेल?" उत्तर लेखी घ्या. लक्षात ठेवा, एका बंदराचा व्हिसा नसला तर नुसतं तिथे न उतरण्याने भागेलच असं नाही. कंपनी पहिल्याच दिवशी जहाजावर चढू देणार नाही, असंही होतं.

सावधान : पिवळ्या तापाची लस. दक्षिणेकडच्या काही फेऱ्या त्रिनिदाद, कोलंबियातलं कार्ताहेना किंवा पनामाला जातात. हे देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचा दाखला नसेल, तर विमानतळावरून विलगीकरणात नेऊ शकतात. दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो आणि लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते. साठीच्या पुढच्यांना ही लस डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत. पहिल्या प्रवासासाठी माझं मत: ही बंदरं असलेली फेरीच घेऊ नका. त्रिनिदादला गिरमिटियांची (करारावर मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या वंशजांची) वस्ती, समुद्रातलं देऊळ, तळलेल्या रोटीत चणे घातलेले 'डबल्स' बघायची इच्छा मोठी असेल, तर तिथे विमानाने सावकाश जा.

टप्पा ३ : महिना

कॅरिबियनमधला वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर सर्वांत जास्त असतो, आणि त्या दिवसांत तिकिटं स्वस्त दिसतात ती त्यामुळेच. आपलं शेतीचं वेळापत्रक इथे चांगलं जुळून येतं. मृगापासून सोयाबीन निघेपर्यंत आपल्याला तसंही वावर सोडता येत नाही. कापसाचे पहिले वेचे झाले, तूर घरात आली, हरभरा निघाला की फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ मोकळा असतो. समुद्रही तेव्हा वादळाच्या धोक्याबाहेर असतो. मार्चमधल्या दोन-तीन आठवड्यांत तिथल्या कॉलेजांच्या सुट्ट्या असतात, गर्दी आणि दर दोन्ही चढतात; तेवढे टाळा.

मुलांच्या सुट्टीमुळे पावसाळ्यातच जावं लागत असेल तर अरुबा, बोनेर, कुरासाओ ही बेटं बघा. ती व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहेत आणि वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतात.

उन्हाबद्दल आपल्या लोकांना फाजील खात्री असते. "आम्ही चंद्रपूरचा पंचेचाळीसचा मे काढतो, तीस म्हणजे काय?" आपलं ऊन कोरडं आहे. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि दोन तासांत थकवा येतो. आमच्या सोबतचे काका बहामातल्या नासाऊच्या बाजारात असेच एकदम खाली बसले होते. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय जहाज सोडू नका.

टप्पा ४ : जहाज कुठून सुटतं ते आधी, बेटं नंतर

मुलगा टेक्सासमध्ये असेल तर गाल्व्हेस्टनहून निघा. तिथून ७ रात्रींच्या फेऱ्या साधारणपणे पश्चिम कॅरिबियनला जातात: मेक्सिकोतलं कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासचं रोआतान, बेलीझ यांपैकी काही. मायामी आणि फोर्ट लॉडरडेलहून पूर्व, पश्चिम, बहामा सगळीकडे फेऱ्या आहेत. पूर्वेकडे सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. दक्षिणेची बेटं लांब आहेत; एका आठवड्यात ती नीट बघायची तर बहुधा सान हुआनहून सुटणारं जहाज घ्यावं लागतं, म्हणजे आणखी एक विमानप्रवास. न्यू जर्सीच्या बेयोनहूनही जहाजं सुटतात. विमान वाचतं, पण हिवाळ्यात पहिले दीड-दोन दिवस थंड, खवळलेल्या अटलांटिकमधून जातात. पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी ती फेरी सुचवत नाही.

विमानाने जाणार असाल तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.

टप्पा ५ : एकेका बंदराची चौकशी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फेरीतल्या प्रत्येक बंदरापुढे तीन उत्तरं लिहा.

*जहाज धक्क्याला लागतं की छोट्या बोटीने जावं लागतं?* या बोटीला तिथे टेंडर म्हणतात, आणि फेरीच्या वेळापत्रकात बंदराच्या नावापुढे बहुधा तशी खूण असते. ग्रँड केमनच्या जॉर्जटाउनला क्रूझचा धक्काच नाही, सगळी जहाजं बाहेर उभी राहतात. बेलीझ सिटीला पाणी उथळ, त्यामुळे बोटीचा प्रवास वीस मिनिटांचा किंवा त्याहून जास्त. व्हीलचेअरवरच्या किंवा एक मोठं पाऊल स्वतः टाकू न शकणाऱ्या माणसाला टेंडरमध्ये बहुधा घेत नाहीत, आणि वारा वाढला की आधी टेंडरचीच बंदरं रद्द होतात. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर फेरीत असं बंदर फार तर एक असावं, आणि त्या दिवशी जहाजावर राहायची तयारी आधीच करावी.

कोझुमेल, नासाऊ, सेंट थॉमस, सेंट मार्टिनचं फिलिप्सबर्ग, सान हुआन, कुरासाओचं विलेमस्टाड, रोआतान, कोस्टा माया या ठिकाणी धक्का आहे. कोस्टा मायाचा धक्का मात्र उघड्या समुद्रात लांबवर गेलेला आहे. वारा असला तर जहाज तिथे न थांबता पुढे जातं.

*उतरल्यावर जमीन कशी आहे?* हे कुणीच विचारत नाही. कुरासाओच्या विलेमस्टाडला गाव सपाट, चालण्याजोगं, पाण्यावर तरंगणारा लाकडी पूल, बसायला जागा. वयस्कांसाठी मला ते सर्वांत आवडलं. फिलिप्सबर्गला किनाऱ्यालगत चालायचा सपाट रस्ता आहे. जुनं सान हुआन सुंदर, पण चढउताराचं आणि दगडी फरसबंदीचं. एल मोरोचा किल्ला बघायचा तर उन्हात मोकळ्या मैदानातून चालत जावं लागतं. तिथे अनेक जहाजं दुपारनंतर लागतात, तेव्हा गाव संध्याकाळी फिरा. रोआतान डोंगराळ आहे, गाडीशिवाय काही होत नाही. जमैकात ओचो रिओसजवळचा डन्स रिव्हर धबधबा लोक हात धरून खडकांवरून चढतात. खडक ओले, निसरडे. पायाचं ऑपरेशन झालेल्यांनी खालून बघावा.

*किती तास?* वेळापत्रकात आठ लिहिलेले असतात. त्यातला उतरायचा वेळ आणि परत चढण्याची मुदत वजा करा. ही मुदत बहुधा सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. हाती सहा-साडेसहा तास उरतात. आता कोझुमेलहून तुलुमचे प्राचीन माया लोकांचे अवशेष बघायचे ठरवलंत तर फेरीबोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर पाऊण तास, तिथून बसने तासभर, आणि तेवढंच परत. अवशेषांपाशी उन्हात जेमतेम दीड तास मिळतो. माया अवशेष बघायचेच असतील तर कोस्टा मायाहून चाचोबेन रस्त्यानेच गाठता येतं, आणि कोझुमेल बेटावरच सान हेर्वासिओ आहे. ते लहान आहे, पण बघून निवांत परतता येतं.

तपासा : तीनही उत्तरं नसलेलं एकही बंदर तुमच्या यादीत राहिलं आहे का? असेल तर अजून पैसे भरू नका.

टप्पा ६ : किती बंदरं

७ रात्रींत ३. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त उतरायचं नाही, मध्ये समुद्रावरचा एक दिवस हवा. "पैसे तेवढेच, मग पाच बंदरांची का नको?" हा हिशेब आपल्याकडे सगळे करतात. पाच बंदरांच्या फेरीत चौथ्या दिवशी आजी खोलीतून बाहेर येत नाही, हे मी दोन कुटुंबांत पाहिलं आहे. पहिला समुद्राचा दिवस तर मळमळ ओसरायलाच लागतो. मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याच्या आधी घ्यायची असते, आणि ती रक्तदाबाच्या औषधासोबत चालेल का हे इथूनच डॉक्टरांना विचारून न्या.

क्रूझ कंपन्यांची बहामात स्वतःची बेटं आहेत, कोकोके, ओशनके अशी. तीनपैकी एक थांबा असा असला तर चांगलं. या दोन्हींत जहाज धक्क्याला लागतं, खाणं बहुधा जहाजाचंच असतं, टॅक्सीवाल्याशी घासाघीस नाही. गाव मात्र तिथे बघायला मिळत नाही, म्हणून तिन्ही थांबे असे नकोत.

आणि एवढं करून ठरवलेलं बंदर कप्तान हवामानामुळे बदलू शकतो. करारात तसं लिहिलेलं असतं आणि साधारणपणे फक्त त्या बंदराचे कर परत मिळतात. एकाच बंदरासाठी सगळी फेरी घेऊ नका.

टप्पा ७ : उतरल्यावर काय करायचं

एका बंदरात एकच गोष्ट. लांबची सहल असेल तर ती जहाजाकडूनच घ्या, महाग पडली तरी. जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही बाहेरून घेतलेली टॅक्सी पंक्चर झाली तर थांबत नाही. धक्क्यापासून चालत जाण्याजोगं किंवा दहा-पंधरा मिनिटांवरचं असेल तर स्वतः जायला हरकत नाही.

घड्याळाचा घोळ नीट समजून घ्या. कोझुमेल वर्षभर एकाच वेळेवर चालतं. फ्लोरिडात मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत घड्याळं तासभर पुढे असतात. म्हणजे एप्रिलमध्ये मायामीहून गेलात आणि जहाजाने आपलं घड्याळ बदललं नाही, तर जहाजावर चार वाजलेले असताना कोझुमेलमध्ये फोन तीनच दाखवेल. फोन आपोआप वेळ बदलतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि ते सहलभर बदलू नका.

रस्ता ओलांडताना: बहामा, जमैका, केमन, बार्बाडोस आणि सेंट थॉमसला गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. मेक्सिको, सान हुआन, सेंट मार्टिन, कुरासाओला उजवीकडून. तिथे आपली नजर सवयीने चुकीच्या बाजूला जाते. आजोबांचा हात धरा.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर बुकिंग होताच भारतीय शाकाहारी जेवणाची मागणी कंपनीकडे नोंदवा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. बंदरात अंदाजाने खाऊ नका. मेक्सिकोत वाटलेल्या राजम्यासारख्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते, आणि भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका" एवढं पाठ करा: मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. जमैकात 'आयटल' लिहिलेली खानावळ दिसली तर तिथलं जेवण बहुधा शाकाहारी असतं. जहाजावरची फळं, पोळ्या, भाज्या पिशवीत घालून उतरू नका. बेटांवर ताजं अन्न न्यायला बंदी असते आणि धक्क्यावर पिशव्या तपासतात. बंद पाकिटातला चिवडा किंवा बिस्किटं बहुधा चालतात. घरचा डबा भरून न्यायची आपली सवय इथे आवरावी लागते.

पाण्यात उतरायचं तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच, आणि लाल निशाण असेल तर घोट्याच्याही पुढे नाही.

टप्पा ८ : पैसे भरण्याआधी आणि उतरण्याआधी

पैसे भरण्याआधी विमा बघा. परदेशप्रवासाच्या प्रत्येक विम्यात जहाजावरचा दवाखाना आणि बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला नसतो. जहाजावरच्या डॉक्टरांचे पैसे वेगळे आणि जास्त असतात. पॉलिसीत क्रूझ हा शब्द दिसला पाहिजे. आधीपासून असलेले आजार लपवू नका, पुढे दावा अडतो.

उतरायच्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र चिठ्ठी द्या, आजी-आजोबांच्या खिशात मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिलेली. तिच्यावर जहाजाचं नाव, धक्क्याचं नाव, जहाजाच्या घड्याळाने परत चढायची शेवटची वेळ, मुलाचा फोन नंबर आणि त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा नंबर. हा शेवटचा नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. सोबत जहाजाचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन दिवसांची औषधं. मूळ पासपोर्ट बरोबर घ्यायचा की तिजोरीत ठेवायचा हे त्या बंदराच्या सूचनेत वाचा. मग धक्क्यावर पाय ठेवताच मागे वळून जहाज नेमकं कुठे उभं आहे त्याचा एक फोटो काढून घ्या, कारण संध्याकाळी तिथे सारख्याच रंगाची आणखी तीन जहाजं लागलेली असतात.